घुमाच्या शेजारी बसून पाहिलेला ‘नाच गं घुमा’: जुळे सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

प्रकरण काय होते

जुळे सोलापुरातील एका गृहनिर्माण सोसायटीच्या महिला मंडळाने २०२५ च्या श्रावणात मंगळागौरीच्या खेळांना जोड म्हणून अलीकडचा एखादा विनोदी चित्रपट एकत्र पाहायचे ठरवले. मंडळातील एका निवृत्त शिक्षिकेने त्यात सूचना मांडली की, सोसायटीत धुणीभांडी, केरफरशी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाही बोलवावे, आणि त्यांना मागच्या सतरंजीवर न बसवता खुर्च्यांवर आपल्यामध्येच बसवावे. थोडी कुरबुर होऊन सूचना मान्य झाली. चित्रपट निवडणे आणि नंतरची चर्चा चालवणे हे काम माझ्याकडे आले, म्हणून हे टिपण मी लिहीत आहे.

ही घटना लिहून ठेवण्याजोगी वाटण्याचे कारण असे की, मराठी विनोदी चित्रपटांची आणि मालिकांची परीक्षणे लिहिणारी बहुतेक माणसे ज्या घरांत राहतात, त्या घरांची किल्ली कामवालीकडे असते, पण चित्रपट पाहताना ती त्यांच्या शेजारी कधीच नसते. ज्या माणसावर विनोद बेतलेला आहे ते माणूस त्याच सभागृहात, त्याच रांगेत बसलेले असेल तर तोच विनोद कसा उतरतो, हे पाहिल्याशिवाय विनोदी कलाकृतीबद्दलचे मत अपुरे राहते, असे माझे ठाम मत आहे आणि या प्रकरणाने ते आणखी पक्के झाले.

निवडीची बैठक

चित्रपट कोणता, यावर मंडळाच्या बैठकीत जी चर्चा झाली ती मी ऐकलेल्या मोकळ्या चर्चांपैकी एक होती, कारण तिथे कोणाला परीक्षक म्हणून मिरवायचे नव्हते.

पहिले नाव अर्थातच ‘बाईपण भारी देवा’चे निघाले. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा हा चित्रपट आला तेव्हा ठिकठिकाणी बायका नऊवारी नेसून, नथी घालून घोळक्याने चित्रपटगृहात गेल्या होत्या, आणि आमच्या मंडळातील निम्म्याहून अधिक जणी त्यांत होत्या. मंगळागौरीच्या निमित्ताने तो पुन्हा लावणे सोपे होते. मात्र एका सुनेने स्पष्ट सांगितले की, त्या चित्रपटात तिला हसू आले त्यापेक्षा रडू जास्त आले, आणि सहा बहिणींची दुखणी एकामागून एक मांडताना लेखकाने प्रत्येकीला सारखे माप दिल्यामुळे शेवटी कोणाचेच दुखणे पुरते कळले नाही. मला हे मत पटते. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी समोरासमोर येतात तेव्हा तो चित्रपट जिवंत होतो. बाकी वेळ त्याला प्रेक्षकांच्या प्रेमाने तारले आहे.

‘झिम्मा’ सर्वांना आवडलेला, पण इंग्लंडच्या सहलीची गोष्ट ज्या बायकांना पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट यांच्यापलीकडे जायला मिळत नाही त्यांच्यासमोर लावावी का, असा प्रश्न आला. माझ्या मते हा आक्षेप खरा नाही, कारण हसण्यासाठी प्रेक्षकाने लंडन पाहिलेले असण्याची गरज नसते. तरीही तो मागे पडला.

‘वाळवी’ची शिफारस मी स्वतः केली होती. परेश मोकाशी यांचा १३ जानेवारी २०२३ ला प्रदर्शित झालेला हा चित्रपट मला गेल्या काही वर्षांतील सर्वांत नेटका मराठी विनोदी चित्रपट वाटतो. त्याला सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला तो योग्यच होता. माणसे खोटे बोलतात, ते खोटे निस्तरण्यासाठी आणखी मोठे खोटे बोलतात, आणि एकही पात्र विनोद करण्याच्या आविर्भावात नसताना आपण हसत राहतो, ही कारागिरी सहज साधणारी नव्हे. परंतु कथेच्या मुळाशी आत्महत्येचा बनाव आहे आणि सभागृहात शाळकरी मुले येणार होती, त्यामुळे माझी शिफारस मी मागे घेतली.

हिंदीत दोन नावे निघाली. ‘हाऊसफुल ५’ एका दहावीतल्या मुलाच्या आग्रहाखातर चर्चेला आला. जून २०२५ मध्ये हा चित्रपट दोन वेगवेगळ्या शेवटांसह प्रदर्शित झाला होता, म्हणजे कोणत्या चित्रपटगृहात कोणती आवृत्ती लागली आहे त्यावर खुनी कोण ते ठरत होते. ही युक्ती तिकिटे विकण्याची आहे, विनोदाची नव्हे. दोन शेवट लिहूनही एकातही हसू नसेल तर प्रेक्षकाला दुसऱ्यांदा बोलावण्याचा हक्क चित्रपटाला राहत नाही. त्याशिवाय त्यातील बायकांना केवळ नटूनथटून उभे केले आहे, हे बैठकीतल्या सर्वांत तरुण मुलीने बोलून दाखवले आणि विषय तिथेच संपला.

दुसरे नाव ‘लापता लेडीज’चे होते, आणि तो अगदी थोडक्यात मागे राहिला. किरण राव यांचा हा चित्रपट मार्च २०२४ मध्ये आला. रेल्वेत घुंघटामुळे दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, एवढ्याशा घोटाळ्यावर त्याने जी उंची गाठली ती अलीकडच्या हिंदी विनोदी चित्रपटांत मला दुसरीकडे दिसली नाही. स्थानकावर टपरी चालवणारी, नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढून एकटी राहणारी मंजू माई ही छाया कदम यांनी उभी केली आहे. आमच्या इमारतीत स्वयंपाक करणाऱ्या एका अक्कांनी तो चित्रपट मोबाइलवर आधीच पाहिलेला होता. मंजू माई विनोदी आहे की दुःखी, असे मी त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ती बाई खरी हाय ओ ताई, म्हणून हसू येतंय.” मला यापेक्षा चांगले परीक्षण वाचल्याचे आठवत नाही.

शेवटी ‘नाच गं घुमा’ ठरला. १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, प्रदर्शित झालेला हा चित्रपटही परेश मोकाशी यांचाच. नोकरी करणारी राणी म्हणजे मुक्ता बर्वे, तिच्याकडे काम करणारी आशाताई म्हणजे नम्रता संभेराव. आशाताईंचे उशिरा येणे, राणीचा चढत जाणारा पारा, तिने त्यांना कामावरून काढणे आणि मग तिचे घरच कोलमडणे, अशी कथा आहे. मंडळातील काही जणींना भीती वाटत होती की, कामवाल्या बायकांना त्यांच्याच कामावरचा विनोद दाखवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होईल. दुसऱ्या काही जणींची भीती उलटी होती: चित्रपट पाहून त्या पगार वाढवून मागतील. दोन्ही भीती बैठकीत उघडपणे बोलल्या गेल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

सभागृहात काय घडले

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि पाण्याचा दिवस असला की बाकी सगळी कामे बाजूला पडतात. त्यामुळे कार्यक्रमाची तारीख ठरवताना आमच्या भागातला आणि बोलावलेल्या बायकांच्या वस्त्यांमधला पाण्याचा दिवस अशी दोन्ही वेळापत्रके पाहावी लागली. रविवारी दुपारी चारची वेळ ठरली. सोसायटीच्या सभागृहात भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. आलेल्या कामवाल्या बायकांपैकी काही जणी पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली घरांतल्या होत्या, ज्यांच्या सासवा अजूनही घरी विड्या वळतात. काही अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या, तर काही जवळच्याच वस्तीतल्या मराठी होत्या. सगळ्यांना मराठी व्यवस्थित समजत होते, कारण ती त्यांच्या कामाची भाषा आहे.

पहिला अर्धा तास मी पडद्यापेक्षा खुर्च्यांकडे अधिक पाहत होते. आशाताई उशिरा येतात आणि कारणे सांगतात, तेव्हा मालकिणींच्या रांगांतून मोठा हशा उठला. एकमेकींना कोपराने ढोसणे, “अगदी आमच्याकडची!” असे म्हणणे, सगळे झाले. कामवाल्या बायका त्या वेळी हसल्या नाहीत असे नाही, परंतु ते हसणे पदर तोंडाला लावून, कोणी आपल्याकडे पाहत आहे का याचा अंदाज घेत झालेले होते. माझ्या पुढच्याच खुर्चीवर बसलेल्या मावशींनी हसता हसता मागे वळून पाहिले. त्यांच्या मालकीणबाई दोन रांगा मागे होत्या.

राणीने आशाताईंना काढून टाकले आणि तिचे घर विस्कटायला लागले, तेव्हा मात्र सभागृहाचा तोल पूर्ण बदलला. आता मोठ्याने हसत होत्या त्या कामवाल्या बायका. पदर खाली आले होते. राणीची धांदल वाढत गेली तसा त्यांचा हशा वाढत गेला, आणि मालकिणींच्या रांगांमध्ये एक प्रकारची सावध शांतता पसरली. दोन्ही गट एकाच वेळी मोकळेपणाने हसले ते सुकन्या मोने आणि सुप्रिया पाठारे या दोघी पडद्यावर आल्या तेव्हा; आई आणि सासू यांच्या घरातल्या ढवळाढवळीला कोणत्याही वर्गाची किंवा भाषेची अडचण नव्हती.

यावरून मला जे दिसले ते असे. विनोदी चित्रपटातील हशा सभागृहभर सारखा पडतो असे आपण गृहीत धरतो, कारण आपण आपल्यासारख्याच माणसांमध्ये बसून चित्रपट पाहतो. ‘नाच गं घुमा’च्या लेखनाची खरी ताकद अशी की, त्याने हशा दोन्ही बाजूंना वाटून दिला आहे: पूर्वार्धात एका बाजूला, नंतर दुसऱ्या बाजूला. कामवाली मूर्ख आणि मालकीण शहाणी, किंवा कामवाली देवी आणि मालकीण राक्षसीण, या दोन्ही सोप्या वाटा त्याने टाळल्या आहेत. नम्रता संभेराव यांनी आशाताईंना बोलीचा किंवा चालीचा नकली हेल दिलेला नाही, आणि हे विशेष नमूद करायला हवे, कारण दूरचित्रवाणीवरच्या प्रहसनांतून आलेल्या नटीला तो मोह सहज होऊ शकला असता. मुक्ता बर्वे यांना विनोदी भूमिका फार कमी मिळतात, आणि राणीचा संताप आतल्या आत गिळण्याचे त्यांचे काम पाहता ही मराठी चित्रपटसृष्टीची चूक आहे.

चित्रपट कुठे कमी पडतो तेही सभागृहानेच सांगितले. उत्तरार्धात हसवण्याची जागा समजावून सांगण्याने घेतली तसा खुर्च्यांचा आवाज वाढला, मुले बाहेर पळाली, दोन जणी चहाचे बघायला उठल्या. विनोदाने जे आधीच पटवून दिले होते ते पुन्हा शब्दांत सांगण्याची गरज नव्हती. प्रेक्षक हसला म्हणजे त्याला कळले, यावर आपल्या दिग्दर्शकांचा अजून पुरता विश्वास नाही, आणि मोकाशी यांच्यासारख्या ‘वाळवी’ रचणाऱ्या दिग्दर्शकाने तो ठेवायला हवा होता.

चर्चा

चित्रपटानंतर चहा आणि शेंगाचटणीच्या भाकरीबरोबर चर्चा झाली. सुरुवातीला कामवाल्या बायका गप्प होत्या. ‘छान आहे’, ‘बरं वाटलं’ यापलीकडे कोणी जाईना. मग ज्या मावशींनी मागे वळून पाहिले होते त्यांनाच मी विचारले की, आशाताईंच्या उशीर होण्यावर सगळे हसले, तुम्हाला काय वाटले? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत देते: “आम्ही उशिरा आलो की कारण सांगतो, ते तुम्हाला खोटं वाटतंय. पाच दिवसानं पाणी आलं तर आधी घागरी भरायच्या का तुमची भांडी घासायची, सांगा की ओ ताई. त्या शिनिमात पाणी कुठंय?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. चित्रपटातला उशीर हा स्वभावाचा उशीर आहे. त्यामुळे तो हसवतो. सोलापुरातला उशीर हा पाण्याचा, शेअर रिक्षा भरेपर्यंत चौकात थांबण्याचा, शाळेत सोडायच्या मुलाचा आहे. यात चित्रपटाने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कारण त्याचा कॅमेरा मुळात राणीच्या घरात उभा आहे आणि तिथून जे दिसते ते त्याने प्रामाणिकपणे दाखवले आहे. पण आशाताईंच्या दारातून तीच सकाळ लिहिली असती तर तीही तितकीच विनोदी झाली असती, किंबहुना अधिक. भरणारी घागर, रडणारे पोर, निसटलेली रिक्षा आणि सारखा वाजणारा फोन यांत प्रहसनाला लागणारे सगळे आहे.

दुसरी एक तरुण मुलगी, बारावी करून दोन घरी काम करणारी, म्हणाली की तिला राणीने आशाताईंना परत बोलावणे आवडले, पण तिच्या ओळखीतल्या बायका कामावरून काढल्यावर वाट पाहत बसत नाहीत. संध्याकाळपर्यंत दुसरे घर बघतात. हे ऐकून मालकिणींमध्ये कुजबुज झाली, कारण हे त्यांना ठाऊक असूनही कोणी कधी त्यांच्या तोंडावर बोलले नव्हते. मंडळातील वकील असलेल्या सदस्येने या ठिकाणी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या २००८ च्या अधिनियमाची आणि नोंदणीची माहिती दिली. ती उपयुक्त होती, पण मी चर्चा पुन्हा विनोदाकडे वळवली, कारण त्या बायका पहिल्यांदाच चित्रपटाबद्दल बोलत होत्या आणि त्यांना फक्त हक्कांबद्दलच बोलता येते असे मानणे हाही त्यांच्यावरचा अन्यायच झाला असता.

मग गाडी दूरचित्रवाणीवर आली आणि सगळ्याच जणी तावातावाने बोलू लागल्या. चित्रपट क्वचित पाहिला जातो. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ मात्र २०१८ पासून घराघरांत आहे, आणि आता मोबाइलवर तुकड्यातुकड्याने रात्री उशिरापर्यंत पाहिली जाते. गौरव मोरे यांचा ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ हा वस्तीतल्या बायकांचा सर्वांत लाडका निघाला. त्यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे होते: तो आपल्या वस्तीचे नाव खाली मान घालून सांगत नाही. विनोद गरिबीवर नाही, गरीब माणसाच्या रुबाबावर आहे, आणि तो रुबाब लेखकांनी त्याच्याकडून काढून घेतलेला नाही.

त्याच कार्यक्रमाबद्दलची तक्रारही तितकीच स्पष्ट होती. कुणाच्या जाडीवर, कुणाच्या रंगावर, कुणाच्या दातांवर चालणारे विनोद आता पुरे झाले, असे दोन्ही गटांतल्या बायका म्हणाल्या. माझेही हेच मत आहे. या कार्यक्रमाच्या लेखनात चाळीतले, नात्यागोत्यातले, कचेरीतले बारकावे टिपण्याची ताकद असताना शरीरावरच्या शेऱ्याचा आधार घेणे म्हणजे स्वतःच्या लेखणीवर अविश्वास दाखवणे आहे. त्यात परीक्षकांच्या खुर्च्यांवरून येणारे हसणे इतके सतत दाखवले जाते की, घरातल्या प्रेक्षकाने कुठे हसायचे हे आधीच ठरून गेलेले असते.

‘चला हवा येऊ द्या’बद्दल मतभेद झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम मार्च २०२४ मध्ये थांबला आणि जुलै २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परत आला. वयस्कर बायकांना भाऊ कदम यांच्याबद्दल इतकी माया आहे की, त्यावर टीका ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या. तरुण मुलींना मात्र पुरुषांनी साडी नेसून केलेल्या बायकांच्या नकला कंटाळवाण्या वाटतात. भाऊ कदम यांचा निरागसपणा हा अभिनयातला दुर्मीळ गुण आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु साडी नेसलेला पुरुष दिसताच हशा येईल या भरवशावर लिहिलेले प्रवेश दहा वर्षे चालले, हे लेखकांच्या आळसाचे लक्षण आहे. सभागृह भरून बायका लुगडी-साड्या नेसून बसलेल्या असताना हा मुद्दा फार लवकर कळतो.

या चर्चेतला सर्वांत टोकदार शेरा पूर्व भागातल्या अक्कांनी मारला. विनोदी कार्यक्रमांत दक्षिणेकडचा माणूस आला की तो कपाळाला आडवी पट्टी लावतो, ‘अय्यो’ म्हणतो आणि चुकीचे मराठी बोलतो. “आमची चौथी पिढी सोलापुरात हाय. आम्ही असं बोलतो का ओ?” असे त्यांनी शुद्ध सोलापुरी ठसक्यात विचारले आणि सगळे सभागृह हसले. तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली या शहराची बोली, तिचा तो ‘बे’ आणि ‘की ओ’, तिची भांडणातली गंमत, हे सगळे मराठी विनोदाला मिळालेले आयते भांडार आहे. लेखकांनी ते उघडूनसुद्धा पाहिलेले नाही, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर

मीठ चोळले जाण्याची भीती खोटी ठरली. पगाराबद्दलची भीती अर्धी खरी ठरली: रजेचा विषय दोन घरांत निघाला, एका ठिकाणी महिन्याला दोन सुट्ट्या ठरल्या, दुसऱ्या ठिकाणी बोलणे अजून चालू आहे. पाण्याच्या दिवशी तासभर उशीर चालेल, असे मात्र चार-पाच घरांनी आपणहून सांगितले.

पुढचा चित्रपट कामवाल्या बायकांनी निवडायचा, असे त्याच संध्याकाळी ठरले. त्यांनी नवे काहीच मागितले नाही. एसटी बसमधून गणपतीपुळ्याला जाणारा ‘नवरा माझा नवसाचा’ हवा, असे एकमताने सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला, रेल्वेतून जाणारा त्याचा दुसरा भाग लावू का, असे मी विचारले. तो काहींनी पाहिला होता आणि त्यांना तो रुचला नव्हता. बसमधली माणसे ओळखीची वाटली होती, रेल्वेतली वाटली नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. दोन्ही भाग पाहिल्यावर माझाही कौल पहिल्यालाच आहे, कारण त्यातील प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडतात, भांडतात, डबे उघडतात आणि त्या दाटीतूनच विनोद घडतो. दुसऱ्या भागात माणसे जास्त आहेत आणि दाटी कमी.

‘लापता लेडीज’ त्यानंतरच्या यादीत पहिला आहे. तारीख पाण्याचे वेळापत्रक आल्यावर ठरेल.